कीअरसार्जच्या पलीकडचा मुक्काम

अमेरिकेतल्या डोंगरात ऑगस्टमध्ये झोपायचं असेल तर फेब्रुवारीत लवकर उठावं लागतं. सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावरच्या कुठल्या वाटेने रोज किती माणसं मुक्कामाला सोडायची, हे तिथल्या वनखात्याने वाटेगणिक ठरवून ठेवलंय. त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा बरोबर सहा महिने आधी, सकाळी सातच्या ठोक्याला संकेतस्थळावर खुल्या होतात आणि नावाजलेल्या वाटांच्या जागा बघता बघता संपतात. मास्तरचा फोन आला तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. "मिळालं! चौघांचं परमिट! कीअरसार्ज पास!" तो इतका ओरडला की मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "हळू बोल रे, लेक झोपलीय."

मास्तर काही शाळेत शिकवत नाही, चिप डिझाइन करतो. कॉलेजात आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये प्रत्येक किल्ल्याच्या दरवाजात उभा राहून तो व्याख्यान द्यायचा, त्यामुळे हे नाव चिकटलं. पुढे ग्रुपमधल्याच एकीशी लग्न केलं, ती आपोआप मास्तरीण झाली. तिला हे नाव आजतागायत आवडलेलं नाही. दोघं कॅलिफोर्नियात सनीव्हेलला स्थायिक होऊन जमाना झाला. मागे गेलो होतो तेव्हा त्यांनी मला रीतसर गोल्डन गेट दाखवला, ऑफिसच्या आवारातला कॅफेटेरिया दाखवला, आउटलेट मॉलही दाखवला. या वेळी मी आधीच सांगून टाकलं होतं, की मला काही दाखवू नका. तुम्ही स्वतः सुट्टीत जिथे जाता तिथे न्या.

पोचलो तर गॅरेजमध्ये वाळवण घातलेलं. गच्चीवरच्या उन्हात नव्हे, मायक्रोवेव्हएवढ्या एका खोक्यात. आत एकाखाली एक ट्रे लावलेले आणि पंखा रात्रभर घोंगावत असलेला. वरच्या ट्रेवर भात होता, शिजवून वाळवलेला, शितं सुटी सुटी. खालच्या दोन्हींवर तुरीची आमटी. चिंच, गूळ, गोडा मसाला घालून नेहमीसारखी केलेली, मग घोटून कागदावर पातळ पसरलेली. वाळून तिच्या कडा वर वळल्या होत्या, रंग आंबापोळीसारखा गडद झाला होता. मास्तरीणने एक तुकडा मोडून हातावर ठेवला. जिभेवर आधी मीठ लागलं, मग चिंच, आणि जरा वेळाने मागून हिंग. "तेल वाळत नाही, खवट होतं," ती म्हणाली. "म्हणून फोडणी नावापुरती. तेलाची बाटली वेगळी घेतलीय, वरून घालायला."

हा खटाटोप कशासाठी, ते नंतर कळलं. आम्ही राहणार होतो तिथे, सव्वातीन हजार मीटरवर, पाणी साधारण ८९ अंशांनाच उकळतं. त्या पाण्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटांत दाबून बघावी आणि परत झाकण घालावं, एवढंच हाती लागतं. हिमालयात सोबत कुकर असतो, कुकर वाहणारा माणूसही असतो. इथे जे न्यायचं ते आपल्याच पाठीवर, त्यामुळे डाळ घरी शिजवून, तिचं पाणी घालवून न्यायची आणि डोंगरात पाणी परत द्यायचं. मास्तर स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर एकेक पुडी तोलत होता. माझी मेतकुटाची बरणी त्याने उचलून बघितली, काही न बोलता प्लास्टिकच्या पिशवीत ओतली आणि बरणी कपाटात ठेवून दिली.

सनीव्हेलहून निघून योसेमिटीतून, टायोगा खिंड ओलांडून पलीकडे उतरलो. सिएराचा पश्चिम उतार लांबलचक आणि सुस्त आहे. पूर्वेची बाजू मात्र एकदम तुटलेली. सह्याद्रीचं याच्या नेमकं उलट. आपल्याकडे पश्चिमेला कोकणकडे कोसळतात आणि पूर्वेला देश हळूहळू पसरत जातो. पण खडकाची गोष्ट दोन्हीकडे वेगळी. आपला बेसॉल्ट बाहेर येऊन वाहिला, थरावर थर बसला, म्हणून कड्यांना त्या आडव्या पायऱ्या. इथला ग्रॅनाइट बाहेर आलाच नाही. जमिनीच्या पोटात सावकाश थिजला आणि वरचं सगळं झिजून गेल्यावर उघडा पडला. त्यामुळे तो काळा नाही, करड्या-पांढऱ्या रंगाचा आणि खडीसाखर फोडल्यावर दिसते तसा दाणेदार. दुपारच्या उन्हात काळ्या चष्म्याशिवाय त्याकडे बघवत नाही.

टायोगाच्या पायथ्याशी मोनो लेक लागतं आणि तिथून ३९५ नंबरचा हमरस्ता दक्षिणेला ओवेन्स खोऱ्यात उतरतो. हा इन्यो परगणा. क्षेत्रफळात आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा, आणि लोकसंख्या एकोणीस हजारांच्या आसपास. अलास्का सोडली तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर, ४,४२१ मीटरचं माउंट व्हिटनी, याच परगण्यात. आणि समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेला डेथ व्हॅलीचा तळही इथलाच. गाडीतून तासन्‌तास उजव्या हाताला सिएराची भिंत चालली होती, डावीकडे उघडेबोडके डोंगर, मध्ये सेजब्रशचं करडं झुडूप. शेत नाही की गोठा नाही.

मी म्हटलं, "इथे कुणी राहतच नाही की काय?"

"राहायचे," मास्तर म्हणाला आणि सुरू झाला. बऱ्याच वर्षांनी त्याला किल्ल्याचा दरवाजा मिळाला होता.

हे खोरं पायूट लोकांचं. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी पाटांनी वळवून ते रानातल्या कंदमुळांना द्यायचे, म्हणजे गोरे यायच्या आधीपासून इथे सिंचन होतं. गुरं घेऊन वसाहतवाले आले, चरायला तीच कुरणं लागली, लढाया झाल्या. १८६२मध्ये लष्कराने छावणी टाकली, ती ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. म्हणून तिचं आणि पुढे गावाचं नाव इंडिपेंडन्स. दुसऱ्याच वर्षी शेकडो पायूटांना हाकत पार दक्षिणेच्या फोर्ट टेहोनला नेलं. त्यातले पुष्कळसे परत आले, आजही खोऱ्यात त्यांच्या राखीव वस्त्या आहेत, पण पाणी आणि जमीन गेली ती गेलीच. मागून आलेल्या शेतकऱ्यांनी सफरचंदाच्या बागा लावल्या. मग साडेतीनशे किलोमीटरवरच्या लॉस एंजेलिसला तहान लागली. शहराच्या माणसांनी १९०५पासून इथल्या जमिनी पाण्याच्या हक्कासकट विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९१३मध्ये कालव्याने ओवेन्स नदीचं पाणी शहरात पोचलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खाली ओवेन्स लेक आटून धुळीचं मैदान झालं, बागा वाळल्या. आजही खोऱ्याच्या तळातली बरीचशी जमीन त्या शहराच्याच मालकीची आहे. गाडीतून दिसणारं ते मोकळं, देखणं माळरान कुणीतरी रिकामं करून घेतलेलं आहे.

इंडिपेंडन्सच्या दक्षिणेला दहा किलोमीटरवर मान्झानार. तिथे थांबायचा आग्रह लेकीचा. ती नववीत, शाळेत नुकतंच शिकली होती. पर्ल हार्बरनंतर, १९४२मध्ये, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घरातून उठवून दहा छावण्यांत डांबलं. एकूण एक लाख वीस हजारांच्या आसपास, त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले नागरिक. मान्झानारमध्ये दहा हजारांवर माणसं होती, तीही वाळलेल्या सफरचंदाच्या बागेच्या जागेवर. आता मैदान आहे, नव्याने उभारलेला एक पहाऱ्याचा मनोरा आहे, दोनचार बराकी आहेत आणि कैद्यांनी स्वतः रचलेल्या जपानी बागांचे दगड वाळूतून उकरून काढलेत. दफनभूमीत १९४३मध्ये बांधलेला पांढरा स्तंभ, आणि त्याच्या नेमका मागे माउंट विल्यमसन. माणसांना कोंडायला इतकी देखणी जागा कुणी मुद्दाम शोधली असेल असं वाटत नाही, पण त्यामुळे ते आणखीच विचित्र दिसतं.

संग्रहालयात मला खिळवून ठेवलं ते एका फोटोने. म्हातारासा माणूस, काठी टेकून उभा, हातात माळेत ओवलेले सोनेरी ट्राउट मासे. फोटो काढणारा टोयो मियाताके, तोही कैदीच; आत येताना चोरून भिंग आणलं होतं आणि लाकडाचा कॅमेरा छावणीतच बनवून घेतला होता. आणि ते मासे छावणीतले नव्हते, वरच्या डोंगरातले होते. काही कैदी रात्री शोधदिव्यांचा झोत चुकवून तारेखालून बाहेर सरकायचे, ओढ्याओढ्याने वर जायचे, कुणी कुणी पार उंचावरच्या तळ्यांपाशी मुक्काम करायचे, आणि मासे घेऊन परत तारेच्या आत यायचे. पळून जाऊन जाणार कुठे, हा व्यवहार तर होताच. पण माणूस संगिनींच्या पहाऱ्यातून निसटतो तो गळ टाकायला, याचं मला अजून नवल वाटतं.

"त्यांच्याकडे परमिट नव्हतं," लेक म्हणाली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं नसावं.

इंडिपेंडन्सहून ऑनियन व्हॅलीला जाणारा घाट एकवीस किलोमीटरांत दीड हजार मीटरच्या वर चढतो. गाडी लावायची ती जागाच कळसूबाईच्या माथ्याहून हजारभर मीटर उंच. पहिली रात्र तिथेच काढायची, हवेची सवय व्हायला. डोकं जरा जड होतं, झोप तुकड्यातुकड्यांनी आली. तंबूच्या जागेजवळ लोखंडी पेट्या होत्या, कारण खाण्याचं काही गाडीत ठेवलं तर अस्वल दार फोडतं. मुक्कामाला वर नेण्यासाठी प्लास्टिकचे गोल डबे, रिकामेच सव्वा किलोच्या आसपास. झाकण फिरवताना एक खुंटी दाबावी लागते, अस्वलाच्या पंजाला हे जमत नाही. गारठलेल्या बोटांनी मलाही पहाटे जमलं नाही. त्यात जेवण तर जायचंच, शिवाय टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं. मी खिशातली बडीशेपेची पुडी विसरलोय का, हे मास्तरने दोनदा विचारलं. तिथली अस्वलं काळी, आपल्याला बघून पळणारी; कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे अस्वल आहे ती ग्रिझलीची जात मात्र त्या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच संपली. झेंड्यावर तिला जागा आहे.

वाट सुरेख आखलेली. नागमोडी वळणं घेत, दर वळणाला थोडी थोडी उंची देत. सह्याद्रीत सरळ नाकासमोर चढायची सवय असल्याने सुरुवातीला मला हे वेळकाढूपणाचं वाटलं. तासाभराने, विरळ हवेत, ज्याने कुणी ती वळणं आखली त्याला मनोमन हात जोडले. एकामागून एक तळी येत गेली, गिल्बर्ट, फ्लॉवर, मग खाली दूर हृदयाच्या आकाराचं हार्ट लेक. फॉक्सटेल पाइनची झाडं पिळवटलेल्या बुंध्यांची, फांद्यांची टोकं कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार. उंचीबरोबर झाडं खुजी होत जातात आणि मग संपतात. शेवटचा टप्पा नुसत्या दगडगोट्यांचा. वाटेत एक मार्मॉट, मांजराहून लठ्ठ, खडकावर पसरून उन्हं खात होता. आम्ही थांबलो तसा उठून जवळ आला आणि मास्तरीणच्या काठीच्या पट्ट्याकडे टक लावून बसला. घामाचं मीठ चाटायला त्यांना पट्टे लागतात, ते कुरतडून टाकतात. "शूक शूक" म्हटल्यावर हलला नाही, मास्तरीणने "हट् मेल्या!" म्हटल्यावर मात्र गेला.

खिंडीचं नाव कीअरसार्ज. याची कुळकथा मजेची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४मध्ये उत्तरेच्या ‘कीअरसार्ज’ नावाच्या युद्धनौकेने दक्षिणेची ‘अलाबामा’ फ्रान्सच्या किनाऱ्यालगत बुडवली. आता या खोऱ्यातल्या दक्षिणवाल्यांनी इथल्या टेकड्यांना आधीच अलाबामा हे नाव देऊन ठेवलं होतं. तेव्हा उत्तरेच्या बाजूच्या खाणवाल्यांनी आपल्या खाणीला कीअरसार्ज म्हटलं, आणि खाणीवरून शिखर, खिंड, तळी सगळ्यांना तेच नाव पडलं. ती नौका स्वतः न्यू हॅम्पशरमधल्या एका डोंगराच्या नावाची. डोंगराचं नाव समुद्रावर गेलं, एक जहाज बुडवून हजारो मैलांवरच्या दुसऱ्या डोंगराला येऊन बसलं. या वाटांवरून गोऱ्यांच्या आधी पायूट जायचे. पूर्वेकडून ऑब्सिडियनची काच, मीठ आणि पाइनचे दाणे न्यायचे, पश्चिमेकडच्या लोकांकडून ओकची फळं आणायचे. ते या खिंडीला काय म्हणत, त्याची पाटी तिथे नाही. पाटी आहे ती उंचीची, ३,५८० मीटरच्या आसपास, आणि पलीकडे किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान सुरू होतं याची.

माथ्यावर उभं राहिलं की पश्चिमेकडचं सगळं एकदम खुलं होतं. डावीकडे कीअरसार्ज पिनॅकल्सची दातेरी रांग, तिच्या पायाशी तळ्यांचा गुच्छ, पुढे बुलफ्रॉग लेक, मागे शिखरांच्या ओळी. ना मनोरा, ना तार, ना धूर. देऊळ तर नाहीच. मला सवयीने बुरूज शोधावासा वाटला. इतक्या उंचीवर, इतक्या मोक्याच्या खिंडीत कुणीच तटबंदी घातली नाही, टाकं खोदलं नाही, शेंदूर फासला नाही, याने जरा बेचैन व्हायला झालं. मास्तरला सांगितलं तर म्हणाला, "पहिली पाच वर्षं मलाही व्हायचं."

तळ्यांपाशी उतरलो आणि दुपारी ढग भरून आले. सिएरात उन्हाळ्यात हे ठरलेलं: सकाळ काचेसारखी, दुपारी गडगडाट. वाटाण्याएवढ्या गारा तडतडायला लागल्या. तंबू नुकताच लावला होता, तोही गवतावर नाही तर पाण्यापासून लांब, उघड्या वाळूवर, कारण गवत दबलं तर उभं राहायला इथे वर्षं लागतात. आम्ही चौघं आत गुडघे पोटाशी घेऊन बसलो. गारांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, तरी मास्तर काहीतरी समजावून सांगत होता. नंतर कळलं, वीज कडाडल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनाला एक किलोमीटर, असं तो सांगत होता. अर्ध्या तासात सगळं थांबलं, जमीन पांढरी झाली, लेक बाहेर पळाली आणि मूठभर गारा माझ्या कॉलरमध्ये टाकून गेली.

संध्याकाळी नियम एकेक करून कळायला लागले. शेकोटी नाही, तीन हजार मीटरच्या वर तिथे लाकूड जाळायला बंदी आहे, कारण बोटभर वाढायला झाड दशकं घेतं आणि पडलेल्या लाकडावरच तिथली माती पोसली जाते. एका रात्रीहून जास्त या तळ्यांवर राहायचं नाही. शेजारच्या बुलफ्रॉग लेकवर तर मुळीच नाही, कारण पूर्वी माणसांनी ते पार तुडवून टाकलं होतं. भांडी तळ्यात विसळायची नाहीत. पाणी गाळून प्यायचं. बहिर्दिशेला जायचं तर पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, आणि कागद पिशवीत बांधून परत आणायचा. मास्तरीणने भगव्या रंगाचं लहानसं खुरपं माझ्या हातात ठेवलं, अगदी पानसुपारी द्यावी तशा गंभीरपणे.

"काका, तुम्ही किल्ल्यांवर कागद परत न्यायचा नाहीत?" लेकीने विचारलं.

"कागदच नसायचा."

तिने थोडा विचार केला. "मग बरोबर आहे. लीव्ह नो ट्रेस."

आमटीच्या पापड्या मोडून पाण्यात भिजवल्या, दहा मिनिटं थांबून उकळी आणली, वरून तेल. भात पातेल्यात फुगत होता. आम्ही चमचे घेऊन खडकावर बसलो. आमटी आमटीसारखीच लागली, हे सांगताना मला अजून आश्चर्य वाटतं. मास्तरीण म्हणाली, पहिल्या वर्षी ते इथलं तयार पाकीटबंद जेवण घेऊन आले होते, तिसऱ्या दिवशी मास्तर चीजच्या वासाने रडवेला झाला होता. मास्तरने याचा इन्कार केला, पण पातेलं पुसून खाताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजर आली. शार्लट लेकच्या चौकीवर उन्हाळाभर राहते, रोज दहा-पंधरा किलोमीटर चालते. परमिट बघितलं, डबे बघितले, झाकण नीट लागतंय का ते स्वतः फिरवून बघितलं, आणि मग खडकावर बसून गप्पा मारल्या. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर विचारलं, तुमच्या डोंगरात मुक्काम कसा करतात? मी सांगायला लागलो. हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपतो, पायथ्याच्या पाचनईत कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकतो, गडावर कुणी पिठलं-भाकरी करून देतं, त्याची गुरं वरच चरत असतात. ती ऐकत राहिली. "म्हणजे तुमच्या डोंगरात माणसं राहतात?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हेवाही नव्हता, पटवाऱ्याने नोंद करून घ्यावी तसं होतं.

ती गेल्यावर यावर आमचं चांगलंच जुंपलं. १९६४च्या अमेरिकन कायद्याने रानाची व्याख्याच अशी केलीय, की जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो आणि राहत नाही ती जागा. आम्ही चढून आलो तो जॉन म्यूर विल्डरनेसही त्याच कायद्याने झाला. मास्तरचं म्हणणं, या कायद्यामुळेच ही तळी अशी आहेत. कळसूबाईला पावसाळ्यातल्या रविवारी शिडीला रांग लागते, खाली वेफर्सच्या पाकिटांचा खच पडतो, तिथे माणशी परमिट लावा. मला ते अर्धं पटतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या अभयारण्यात गर्दीला आळा हवाच, काजव्यांच्या दिवसांत तर नक्कीच. पण तिथे कोटा लावायचा तर आधी कुणाला अडवणार? पुण्या-मुंबईच्या गाडीला, की गडावर भाकरी विकणाऱ्या आणि डोंगरच ज्याचं शेतशिवार आहे अशा महादेव कोळ्याला? इथे हा प्रश्न येत नाही, कारण पाहुणा नसलेल्या माणसाला १८६३मध्येच घालवून दिलं होतं. कायदा आला तेव्हा त्याचा इथला हक्क जाऊन शंभर वर्षं झाली होती. "म्हणजे आम्ही इथे येऊ नये?" मास्तरीण एकदम म्हणाली. तसं मला म्हणायचं नव्हतं. मी स्वतः नाचत आलो होतो. त्या तळ्यांत एकही बाटली तरंगताना दिसली नाही आणि त्यांचं पाणी हिरवं नव्हतं, हे नियमांचंच देणं. एवढंच, की मला तिथे कुणाच्या तरी कोंबड्याची आठवण येत होती.

मास्तर गप्प होता, आणि तो गप्प असणं म्हणजे काहीतरी घाटत असतं. शेवटी म्हणाला, "मी इथे येतो ना, ते कुणी नाही म्हणूनच येतो. आठवडाभर मीटिंगमध्ये माणसंच माणसं असतात." त्याची लेक मान खाली घालून दगडाखालचा पायका बघत होती. उंदराएवढा, गोल कानांचा प्राणी, तोंडात गवताच्या काड्यांचा भारा घेऊन बिळाकडे पळत होता. ते हिवाळ्यात झोपत नाहीत. उन्हाळाभर गवत वाळवून साठवतात आणि बर्फाखाली बसून खातात. "वाळवण," ती म्हणाली. अमेरिकन शाळेतल्या पोरीच्या तोंडी हा शब्द ऐकून मास्तरीणने माझ्याकडे बघितलं, आणि भांडण तिथेच संपलं.

उतरून ऑनियन व्हॅलीला आलो तर गाडीपाशी एक बाई अंगठा दाखवून उभी. साठीच्या पुढची, उन्हाने रापलेली, पाठीवरचं ओझं तिच्याएवढं. जॉन म्यूर ट्रेल एकटी चालत होती. तीनशे चाळीस किलोमीटरांची ती वाट खिंडीच्या पलीकडूनच जाते आणि शिधा संपला की माणसं याच वाटेने खाली उतरतात. इंडिपेंडन्सच्या पोस्टात तिने स्वतःलाच पार्सल धाडून ठेवलं होतं, आणि पोस्ट बंद व्हायला तास राहिला होता. तिला पुढे बसवलं, मागे आम्ही तिघं गुडघ्यांवर बोचकी घेऊन. काचा उघड्या ठेवायला तिनेच सांगितलं, अंगाला फार दिवसांत पाणी लागलं नव्हतं.

पोस्ट उघडं सापडलं. पायरीवर बसून तिने खोकं फोडलं आणि कपाळाला हात लावला. दोन महिन्यांपूर्वी घरी बसून भरलेलं सगळं: ओट्स, ओट्स, शेंगदाण्याचं लोणी, पुन्हा ओट्स. त्यांचं तोंड बघायची तिची तयारी नव्हती. दोन पाकिटं तिने आमच्यापुढे धरली, वाहून तरी नेऊ नयेत म्हणून. मास्तरीणने पिशव्या चाचपल्या. आमटी संपली होती. उरलं होतं ते माझं मेतकूट, अर्धी पिशवी. बाईने बोट बुडवून चाखलं, डोळे मोठे केले, पुन्हा चाखलं.

"हे ओट्सवर चालेल?"

मास्तरीणने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग, तूप नसेल तर त्या शेंगदाण्याच्या लोण्याबरोबर खा म्हणावं. आणि मीठ घालू नको म्हणावं, आधीच आहे." ते सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत तिने पिशवीला गाठ मारून ती अस्वलाच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलीसुद्धा होती.